डी७५० च्या जोडीला डी५००: मंडईपासून होळीपर्यंत वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर वापरलेली निकॉन डी५०० कॅमेरा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली. आता होळी होऊन गेली, म्हणजे मंडया (दिवाळीनंतरच्या गावजत्रा), शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), रात्रीची कबड्डी आणि झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) नाटकं असा आमच्याकडचा सगळा हंगाम तिने पाहिला. मूळ बॉडी डी७५०. लग्नं आणि पोर्ट्रेट तिच्यावर चालतात. स्टुडिओ तालुक्याच्या गावी आहे. इथे ऐन कामाच्या दिवशी बॉडी बसली तर भाड्याने दुसरी मिळत नाही. नागपूरला जाऊन येईपर्यंत नवरदेव मांडवातून उठलेला असतो. त्यामुळे दुसरी बॉडी हवी हे ठरलेलं होतं, कोणती एवढाच प्रश्न होता.

मित्रमंडळींचा सल्ला होता, स्वस्तातली डी३५०० नाहीतर डी५६०० घे, बॅकअपलाच तर पाहिजे. पण माझ्याकडच्या दोन कामाच्या लेन्स जुन्या आहेत: ८०-२०० एफ२.८ डी आणि ८५ एफ१.८ डी. या लेन्सच्या पोटात मोटर नसते, फोकस बॉडीतल्या स्क्रूने फिरतो. डी३५०० आणि डी५६०० मध्ये ती मोटरच नाही. म्हणजे धावत्या बैलजोडीमागे हाताने फोकस फिरवत बसा. मिररलेसचंही (आतला आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचंही) तेच: निकॉनच्या झेड बॉडीला जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी स्क्रूवाल्या लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. बॉडीबरोबर लेन्सही बदलायच्या तर तो खर्च बॅकअपचा राहत नाही, नवा संसारच होतो.

उरल्या चार. अजून एक डी७५०, डी७२००, डी७५०० आणि डी५००. चौघींत मोटर आहे आणि ईएन-ईएल१५ कुळातली बॅटरी चालते. डी७२०० सेकंदाला ६ फ्रेम, म्हणजे फोटो, देते, डी७५० साडेसहा, म्हणजे खेळासाठी आहे तिथेच राहिलो असतो. डी७५०० आठ देते, सेन्सर डी५०० चाच २०.९ मेगापिक्सेलचा, पण कार्डाचा स्लॉट एकच. लग्नात जी बॉडी कधीही मुख्य व्हायची शक्यता आहे तिला एकच कार्ड, हे माझ्या जिवाला झेपत नाही. हळद परत लावता येत नाही. म्हणून डी५००: २०१६ ची बॉडी, सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉइंट (फ्रेममधल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरू शकतो त्या), दोन स्लॉट. नवी आता बनत नाही, त्यामुळे वापरलेलीच घ्यावी लागते.

खरा फरक पहिल्याच पटात कळला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही ग्राह्य धरला. तेव्हापासून आमच्या भागात पटाची कामं वाढली आहेत. जोडी सुटली की काही सेकंदांत खेळ संपतो. मी शेवटच्या रेषेच्या पुढे, बल्ल्यांच्या बाहेर बसतो. डी५०० चा सेन्सर क्रॉप, म्हणजे डी७५० च्या फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे लेन्सचं २०० मिमीचं टोक ३०० सारखं दिसतं, जोडी लांबूनच फ्रेममध्ये भरते. डी७५० चे ५१ पॉइंट मध्यभागी गोळा झालेले. बैल मधे ठेवले तर धुरकरी (जोडी हाकणारा) वर कापला जायचा. डी५०० चे पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले आहेत. ग्रुप एरिया (काही पॉइंटचा एकत्र गट) बैलांच्या कपाळावर ठेवतो आणि वर धुरकऱ्याचा उगारलेला हात, मागची धूळ, सगळं फ्रेममध्ये येतं. चारही पाय हवेत असलेली फ्रेम पूर्वी नशिबाने मिळायची, आता एका दौडीत दोन-तीन निवडायला मिळतात. कास्तकाराला (शेतकऱ्याला) तीच लागते. त्याच्या जोडीचे पाय जमिनीला लागलेले दिसले तर तो फोटो घेतच नाही.

कबड्डीचा त्रास वेगळा. गावातल्या रात्रीच्या सामन्यांना खांबांवरचे मेटल हॅलाइड नाहीतर स्वस्त एलईडी लावलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/८०० ला एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट आणि त्यापुढची अर्धी काळी. डी७५० मध्ये यावर उपाय म्हणून फ्लिकर रिडक्शन आहे, पण फक्त लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढणं) आणि व्हिडिओला. डी५०० मध्ये ते व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या फोटोंनाही लागू होतं. दिवा तेज होण्याच्या क्षणाशी कॅमेरा शटर जुळवतो. वेग जरासा पडतो, पण फ्रेम एकसारख्या येतात. मात्र लाइन गेली आणि आयोजक मंडळाने जनरेटर सुरू केला की भरवसा नाही. जनरेटर लोडखाली दबला की फ्रीक्वेन्सी हलते, आणि मग हे फीचर असून नसल्यासारखं.

चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू बोनस रेषेकडे वाकतो आणि नेमका कोपरारक्षक मधे येतो. फोकस त्याच्यावर उडी मारू नये म्हणून ‘ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स’ (मधे कुणी आलं तर ऑटोफोकसने किती थांबायचं ते; आकडा मोठा तितका जास्त थांबतो) ४ वर ठेवतो आणि २५ पॉइंटचा डायनॅमिक एरिया (निवडलेल्या पॉइंटला शेजारचे मदत करतात) वापरतो. ३ वर ठेवून पाहिलं, पकड सुरू झाली की फोकस पाठीपाठींवर फिरत राहतो.

कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत वाढवली तरी माझी तक्रार नाही. त्यापुढे डी७५० चांगली, हे मान्य करायला हवं; फुल फ्रेम ते फुल फ्रेम.

पोर्ट्रेटमध्ये डी५०० दुसऱ्या नंबरवरच आहे, आणि असू द्या. ८५ ची लेन्स तिच्यावर साधारण १२७ सारखी होते. नाटकाच्या रंगपटात तेवढं मागे सरकायला जागाच नसते. पाठीमागे पेट्या, पुढे आरसा, मधे मिशी चिकटवत बसलेला खलनायक. तिथे ५० लावतो, ती ७५ सारखी पडते. पार्श्वभूमी मात्र डी७५० वर ८५ ने विरघळते तशी विरघळत नाही. वडसा भागातल्या नाटक मंडळींच्या बॅनरसाठी मुख्य नट-नटीचे फोटो मी अजूनही डी७५० वरच काढतो. उलट मैदानातले पोर्ट्रेट, म्हणजे सामना जिंकून घामाने निथळणारा, गुडघ्याला माती लागलेला खेळाडू, ते डी५०० ने छान येतात. पॉइंट कडेपर्यंत असल्याने डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा हलवावा लागत नाही, आणि एफ१.८ ला तेवढ्या हलण्यातच पापणी शार्प आणि बुबूळ मऊ होतं. एक काम मात्र आधी करा: एएफ फाइन ट्यून, म्हणजे लेन्सचा फोकस पुढे-मागे पडत असेल तर तो बॉडीत जुळवून घेणं. लेन्स तीच असली तरी आकडा प्रत्येक बॉडीचा वेगळा असतो. डी५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूतून आपोआप करायची सोय आहे, डी७५० वर हातानेच करावं लागतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. डी७५० च्या मोड डायलवर यू१, यू२ (आपली सेटिंग साठवायच्या जागा) आहेत: डायल फिरवला की लग्नाची सेटिंग, फिरवला की खेळाची. डी५०० वर मोड डायलच नाही, त्याजागी ‘बँक’ आहेत. बँक निवडून त्यात काही बदललं की तो बदल तिथेच राहतो, मूळ सेटिंग परत येत नाही. इतक्या चांगल्या बॉडीत ही व्यवस्था कुणाला सुचली कोण जाणे. आयएसओचं बटन डी७५० वर मागे डाव्या बाजूला, डी५०० वर शटरजवळ. दोन्ही बॉडी गळ्यात असल्या की अंगठा पहिले काही दिवस चुकतोच. डी७५० ला वेगळं एएफ-ऑन (अंगठ्याने फोकस करायचं) बटन नाही. एई-एल बटनाला ते काम देऊन टाका, निदान फोकस तरी दोन्हीकडे एकाच अंगठ्याने होईल.

कार्डाचाही हिशेब धरा. डी५०० मध्ये एक स्लॉट एक्सक्यूडी (एसडीहून वेगळ्या प्रकारचं वेगवान कार्ड), एक एसडी. एक्सक्यूडी महाग, रीडर वेगळा, आणि आमच्या बाजारपेठेत विचारलं तर दुकानदार मेमरी कार्डाऐवजी आपल्याकडेच बघतो. नवीन फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) टाकलं की त्याच स्लॉटमध्ये सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्ड चालतं, आज घेणाऱ्याने तेच घ्यावं. दोन्ही कार्डांवर एकदम लिहायचं असेल तर एसडीही यूएचएस-२ (वेगवान प्रकारचं) घ्या, नाहीतर बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती कॅमेऱ्यातली मेमरी) हळू कार्डाच्या चालीने रिकामा होतो.

मोबाइलवर फोटो पाठवणारं निकॉनचं स्नॅपब्रिज ॲप हळू आहे, पण २ मेगापिक्सेलचे फोटो ब्लूटूथने मोबाइलवर येत राहतात, आणि सामना संपायच्या आत ‘का जी भाऊ, माहा फोटो भेटन का?’ म्हणत पोरं येतातच. व्हॉट्सॲप स्टेटसला तेवढं पुरतं. मोठ्या प्रिंटचे पैसे दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील आणून देतात.

घेणार असाल तर शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघा (डी५०० चं शटर २ लाखांसाठी तपासलेलं आहे, डी७५० चं दीड लाखासाठी), पकडीचं रबर सुटलंय का ते दाबून बघा, आणि दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःचं कार्ड घालून दुकानातच पन्नासेक फ्रेम ओढा. बॅटरीवर ली-आयन०१ लिहिलं असेल तर ती डी५०० मध्ये चार्ज चुकीचा दाखवू शकते, ली-आयन२० घ्या. बजेट कमी असेल आणि लग्नाची जबाबदारी नसेल, नुसती कबड्डी-व्हॉलीबॉलच काढायची असेल, तर डी७५०० घ्या. फ्लिकर रिडक्शन तिच्यातही आहे, यू१-यू२ आहेत आणि वरून एक्सक्यूडीची कटकट नाही.