समाजशास्त्राची पदवी आणि ‘कॉलेज स्कोअरकार्ड’
अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या विनामूल्य संकेतस्थळावर २०१९ पासून विषयवार आकडे मिळतात. विद्यापीठ निवडून समाजशास्त्र उघडले की पदवीधरांची मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) कमाई आणि मध्यक कर्ज शेजारी-शेजारी दिसते, आणि कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी प्रत्येक घराने हे पान पाहावेच, असे माझे ठाम मत आहे. मात्र हे आकडे केवळ अमेरिकी केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेतलेल्यांचे असून खासगी कर्ज त्यांत धरलेले नसते. भारतातून जाणाऱ्या मुलांना ते साहाय्यच मिळत नसल्याने इथल्या पालकांनी हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. लहान विभागांचे आकडे गोपनीयतेसाठी झाकले जातात, त्यामुळे समाजशास्त्राच्या रकान्यात अनेकदा काहीच सापडत नाही, हे मात्र खटकते.