रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे रिटर्न भरू नका

आयकराचा 52,000 रुपयांचा रिफंड आला आणि त्यापायी 86,450 रुपये खिशातून गेले. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे पगारदार खूप असतील आणि त्यातल्या काहींनी मी गेलो त्याच 'टॅक्स सल्लागारा'कडून रिटर्न भरलेलं असेल.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. जुलै 2024 मध्ये मुदत संपायला चार दिवस उरले होते. आमच्या केंद्रातले आठ-दहा जण तालुक्याच्या एका 'टॅक्स सल्लागारा'कडे जाऊन आले होते आणि सगळ्यांनाच रिफंड मिळणार होता. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: आधी काही द्यायचं नाही, रिफंड आला की त्याचे 15 टक्के. मी विचारलं, "माझा टीडीएस, म्हणजे पगारातून जाणारा कर, तर बरोबर कापलाय, रिफंड कुठून येणार?" तो म्हणाला, "गुरुजी, शाळेत करातल्या सगळ्या वजावटी धरत नसतात. कशाला टेन्शन घ्यायलाव?" मग आधारचा ओटीपी आला, मी सहा आकडे वाचून दाखवले आणि काम झालं.

त्यानं फॉर्म 16 (शाळेकडून मिळणारा पगार-कराचा दाखला) आणि रिटर्नची पावती एकाच पिनेने टाचून हातात दिली. वरच्या कागदावर करपात्र उत्पन्न 7,77,500, खालच्यावर 5,27,500. अडीच लाखांचा फरक मला तिथेच, दुकानात उभ्या-उभ्या दिसला. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा. "ते वजावटीचं असतंय," एवढं बोलून त्यानं मागच्याचा फॉर्म ओढला. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दीड वर्ष झालं, तो क्षण डोळ्यांपुढून हलत नाही. कुठल्या वजावटी, एवढंच विचारायचं होतं. पूर्ण फॉर्मची प्रिंट मागायची होती. पावतीवर नुसत्या बेरजा असतात, आत काय घातलंय ते पूर्ण फॉर्ममध्येच दिसतं.

रिफंड आला, त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. 7,800 पाठवून दिले. उरलेले मुलीच्या लातूरच्या हॉस्टेलला गेले.

14 जुलै 2025 ला आयकर विभागाने देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली, ती अशाच खोट्या वजावटी घालून रिटर्न भरणाऱ्यांवर. ती बातमी वाचूनही मी गप्प राहिलो. डिसेंबरात आमच्या शाळेतल्या मॅडमना विभागाचा मेसेज आला तेव्हा मी घाबरून आयकरचं पोर्टल उघडायला बसलो. पासवर्ड माझ्याकडे नव्हताच, आधारवरून नवा घेतला. आत माझ्या नावापुढे भलताच ईमेल. विभागाची सूचना त्या पत्त्यावर केव्हाच येऊन पडली होती. आणि रिटर्नमध्ये काय घातलेलं? कलम 80जीजीसीखाली राजकीय पक्षाला देणगी 1,00,000, व्यवहार क्रमांकासकट! शैक्षणिक कर्जाचं व्याज 90,000. धर्मादाय देणगी 35,000. आरोग्य विमा 25,000. यातला एक रुपयाही मी कुठे दिलेला नाही.

मी चोर नाही. वीस वर्षांत एक दिवसाची खोटी रजा टाकलेली नाही. बोर्डावर 'सल्लागार' लिहिलंय, शंभर शिक्षक त्याच्याकडे जातात, मग माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? बोर्डावर काय, कुणीही काहीही लिहितो. सीए म्हणवणाऱ्याला सदस्य क्रमांक विचारा आणि आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, वेबसाइटवर तपासा. सनदी लेखापालाला, म्हणजे सीएला, मोजके अपवाद सोडले तर टक्केवारीवर फी घ्यायलाच मनाई आहे, हे मला डिसेंबरात कळलं.

पोलीस ठाण्यात गेलो. "रिफंड कुणाच्या खात्यात आला? तुमच्याच ना? ओटीपी कुणी दिला? तुम्हीच ना? मग फसवणूक कसली?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबरवाल्यांनी 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगितलं. 1930 वर म्हणाले, तुमच्या खात्यातून पैसे चोरीला गेलेले नाहीत. आयकरच्या हेल्पलाइनवर बाई गोड बोलल्या: रिटर्नमधल्या माहितीची जबाबदारी करदात्याची. कबूल! पण ज्यानं एका खोलीत बसून शेकडो रिटर्न खोटी भरली त्याची जबाबदारी कुणाची? एक दिवसाची किरकोळ रजा घालून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तर तिथे "ऑनलाइन तक्रार करा" म्हणून दारातूनच परत पाठवलं. ऑनलाइन केली. अजून उत्तर नाही. हे सगळं चाललेलं असताना त्याचं दुकान रोज सकाळी उघडत होतं.

शेवटी परभणीच्या एका खऱ्या सीएंनी अद्ययावत रिटर्न, म्हणजे चूक दुरुस्त केलेलं नवं रिटर्न, भरून दिलं. 52,000 मूळ कर, त्यावर व्याज 10,920, आणि या दोन्हींवर 25 टक्के जादा कर 15,730. एकूण 78,650, पतसंस्थेतून कर्ज उचलून भरले. त्यात त्या सल्लागाराला दिलेले 7,800 मिळवा. सीए म्हणाले, "विभागानं स्वतः प्रकरण उघडलं असतं तर खोट्या माहितीबद्दल 200 टक्के दंड, म्हणजे 1,04,000 वेगळे लागले असते." त्यांनी फी आधीच ठरवून सांगितली होती, आणि सही घेण्याआधी एकेक ओळ वाचून दाखवली.

ज्यांनी त्याच्याकडे रिटर्न भरलंय त्यांनी लाजू नका. आज रात्रीच पोर्टल उघडा. ईमेल आणि मोबाइल स्वतःचा आहे का ते आधी बघा, मग वजावटींचं पान उघडा. माझ्याच वर्षाचं, म्हणजे कर निर्धारण वर्ष 2024-25 चं (जुलै 2024 मध्ये भरलेलं) रिटर्न असेल, तर जादा कर 31 मार्च 2026 पर्यंत 25 टक्के, त्यानंतर 50 टक्के.