गूगल शीट्सवर सोसायटीचा हिशेब: निधीच्या गणिताला उत्तम, खतावणीला नको

कमिटी बदलली की नव्या खजिनदाराच्या हातात तीन गोष्टी पडतात: फाइलींचा गठ्ठा, चेकबुक आणि गूगल शीट्सची एक लिंक. ती शीट ज्यानं बांधली तो बहुधा फ्लॅट विकून गेलेला असतो. पन्नास-साठ फ्लॅटच्या सोसायटीचे पैसे अशा शीटच्या भरवशावर ठेवावेत का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे.

याचं एकच उत्तर नाही, कारण कामं तीन आहेत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या मोठ्या दुरुस्त्यांचं नियोजन करायला शीट्ससारखं सोयीचं साधन सापडणं कठीण, पाचापैकी साडेचार. मेंटेनन्सची थकबाकी सांभाळायला चालतं, पण बरीच कुंपणं घालावी लागतात, पाचापैकी तीन. मूळ कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही आणि खातेवही, ठेवायला मात्र दीड, आणि तेही फुकट मिळतं म्हणून.

आधी जिथे ते चमकतं ते बघू. सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या निधीची, वर्गणी बहुतेक ठिकाणी अशी ठरते: लिफ्ट आज बदलायची तर १०० लागतात (रुपये, हजार, काहीही धरा), लिफ्ट २५ वर्षं चालते, म्हणजे दरवर्षी ४ गोळा करा. ऐकायला चोख. पण लिफ्टचा भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला, तर पंचविसाव्या वर्षी तीच लिफ्ट ४२९ ला पडेल. दरवर्षी ४ टाकून त्यावर ६ टक्के व्याज मिळालं तरी हाती येतात २१९. निम्मी लिफ्ट. उरलेल्या पैशासाठी मग सर्वसाधारण सभेत आरडाओरडा आणि एकरकमी वर्गणी.

शीट्समधलं ‘पीएमटी’ (PMT) हे हप्ता काढायचं सूत्र हे गणित एका ओळीत सोडवतं. व्याजदर ६ टक्के, मुदत २५, आजची शिल्लक शून्य, शेवटी हवी असलेली रक्कम उणे ४२९: उत्तर ७.८२. उणे चिन्ह विसरलं तर उत्तर उणे येतं. त्याला घाबरू नये, सूत्र पैसे ‘गेले’ असं समजतं. वर्गणी वर्षाच्या सुरुवातीला गोळा होत असेल तर सूत्राच्या शेवटी १ द्यायचा, मग ७.३८ पुरतात. खरी फसगत महिन्याच्या हिशेबात होते. मुदत ३०० महिने लिहिली आणि व्याजदराला १२ ने भागायचं राहिलं, तर सूत्र महिन्याला ६ टक्के धरतं आणि उत्तर ०.०० दिसतं. म्हणजे काहीच गोळा करायला नको! हे निदान हास्यास्पद असल्यानं पकडलं तरी जातं. उलट चूक, म्हणजे दर भागला आणि मुदत २५ च ठेवली, तर आकडा नुसता भलताच मोठा येतो आणि ‘महागाई वाढलीय’ म्हणून खपूनही जातो. बरोबर उत्तर महिन्याला साधारण ०.६२ आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ४ पासूनच सुरुवात करायची, पण वर्गणी दरवर्षी महागाईइतकी वाढवत न्यायची. व्याज आणि महागाई दोन्ही ६ टक्के असतील, तर पहिल्या वर्षाअखेर ४.२४ आणि पंचविसाव्या वर्षी १७.१७ असं करत बरोबर ४२९ जमतात. आमच्या मते हाच मार्ग जास्त न्याय्य, कारण प्रत्येक वर्षाचा रहिवासी त्या वर्षाच्या भावानं आपला वाटा देतो. अट एकच: दरवर्षीची वाढ आपोआप लागू होईल असा ठराव आधीच करून ठेवायला हवा. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ असं दोनदा झालं की शीटमधलं गणित आणि बँकेतली शिल्लक यांची फारकत सुरू.

हे दोन दर शीटमध्ये स्वतंत्र चौकोनात ठेवा, सूत्रांच्या पोटात कोंबू नका. व्याज कर वजा जाता धरायचं. महागाई ७ आणि व्याज ५ करून बघा: ७.८२ ची वर्गणी ११.३७ होते. टक्क्याचा एवढासा फरक, आणि वर्गणी जवळपास दीडपट. सभेत कोणी म्हणालं की एवढे कशाला लागतात, तर तिथल्या तिथे दर बदलून पडद्यावर दाखवता येतं. शीट्सला साडेचार दिलेत ते यासाठीच.

एका लिफ्टवर भागत नाही, म्हणून भागांची यादी लागते. स्तंभ इतकेच: भाग, आजचा खर्च, एकूण आयुष्य, वापरलेली वर्षं, पुढचं काम कोणत्या साली, पुन्हा किती वर्षांनी. समजा लिफ्ट १००, आयुष्य २५, वय १०. बाहेरचा रंग ३०, दर ६ वर्षांनी, ४ झाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३६, आयुष्य १२, झाली ९. पंप ६, आयुष्य १०, झाली ८. खर्चाला वयानं गुणून आयुष्यानं भागा: ४०, २०, २७ आणि ४.८. बेरीज ९१.८. एवढी शिल्लक आज निधीत असायला हवी. ४६ असेल तर निधी निम्माच भरलेला आहे. ‘आपल्याकडे भरपूर पैसे आहेत’ असं म्हणणाऱ्या अध्यक्षांना हा एक आकडा पुरतो.

आयुष्याचा स्तंभ कॅलेंडर बघून भरू नये, गच्चीवर जाऊन भरावा. वॉटरप्रूफिंगचं आयुष्य १२ धरलं आणि सातव्या वर्षी कोणी डिशसाठी फरशीला भोकं पाडली, की ते १२ राहत नाही. शीटला हे कळणार नाही. शेजारी एक स्तंभ ‘शेवटची पाहणी’ म्हणून ठेवा आणि तारीख दोन वर्षांहून जुनी झाली की तो लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा.

आता वर्षवार तक्ता. आडव्या ओळीत एकेक साल. स्तंभांत सुरुवातीची शिल्लक, वर्गणी, व्याज, खर्च, अखेरची शिल्लक. खर्च त्या त्या साली आपोआप यावा म्हणून ‘मॉड’ सूत्र वापरतात: सालातून कामाचं साल वजा करा, कामाच्या फेऱ्यानं भागा, बाकी शून्य आली की खर्च. इथे एक खड्डा आहे. रंग २०३२ साली, फेरा ६ वर्षांचा. २०२६ मधून २०३२ वजा केले तर उणे ६, भागून बाकी शून्य, आणि शीट २०२६ मध्येच रंगाचा खर्च टाकून मोकळी होते. म्हणून ‘साल कामाच्या सालाइतकं किंवा पुढचं असेल तरच’ ही अट जोडायलाच हवी. शिवाय त्या सालचा खर्च वाढीव भावानं धरायचा, आजच्या नव्हे.

अखेरच्या शिल्लकेच्या स्तंभावर ‘मिन’ लावा. सगळ्या वर्षांतली सर्वात कमी शिल्लक किती आणि कोणत्या साली, हे त्यातून कळतं. सरासरी छान दिसत असताना रंग आणि वॉटरप्रूफिंग एकाच वर्षी आल्यानं तिथे शिल्लक उणे जाते, असं हमखास होतं. मग कामं पुढेमागे करायची की वर्गणी वाढवायची, ते पाच वर्षं आधी ठरवता येतं. परांची एकदाच उभी करावी लागावी म्हणून दोन्ही कामं मुद्दाम जोडून घेण्यातही शहाणपण असतं. फक्त पैसे त्या वर्षी हवेत. मुदत ठेवींच्या तारखा याच तक्त्याशेजारी लिहून ठेवाव्यात, म्हणजे कामाच्या ऐन वेळी ठेव मोडून व्याज बुडत नाही.

एक सावधगिरी या सगळ्याहून मोठी. निधीच्या वर्गणीचं बिल १२ चं काढलं, वसूल ९ झाले, आणि शीट मात्र निधीत १२ दाखवते. किंवा वॉचमनचा पगार द्यायला निधीच्या खात्यातून ‘तात्पुरते’ पैसे उचलले आणि ते परत आलेच नाहीत. कागदावर निधी धडधाकट, बँकेत हाडं. निधीचं बँक खाते वेगळं हवं आणि शीटमध्ये दर महिन्याची एक ओळ हवी: शीटप्रमाणे निधी, बँक व ठेवींत प्रत्यक्ष, येणे बाकी, दैनंदिन खात्याकडून येणे, आणि फरक. फरकाचा चौकोन शून्य नसेल तर बाकी सगळा तक्ता नुसती रांगोळी.

थकबाकीकडे वळू. महिन्याला एक स्तंभ, फ्लॅटला एक ओळ अशी रचना सगळे करतात आणि दुसऱ्या वर्षी तिच्यात हरवतात. त्याऐवजी दोन लांब याद्या ठेवा, एक बिलांची, एक पावत्यांची. प्रत्येक व्यवहाराला एक ओळ. मग ‘सम-इफ्स’ (SUMIFS) या, अटीत बसणाऱ्या रकमाच बेरजेत घेणाऱ्या सूत्रानं फ्लॅटवार बाकी काढता येते.

यात काय बिघडतं ते असं. फ्लॅट नंबर ३-१२ असा टाइप केला की शीट्स ती तारीख समजते. ००७ लिहिलं की ७ उरतो. म्हणून त्या स्तंभाला टाइप करायच्या आधीच प्लेन टेक्स्ट फॉरमॅट द्यायचा. ‘बी-२०४’ नंतर चुकून एक मोकळी जागा राहिली की सम-इफ्सला ती पावती दिसतच नाही, आणि पैसे भरलेल्या माणसाला थकबाकीची नोटीस जाते. सोसायटीतली निम्मी भांडणं अशा एका स्पेसची असावीत. उपाय सोपा: नंबर टाइप करूच द्यायचा नाही, डेटा व्हॅलिडेशनची यादी लावून निवडायला लावायचा.

थकबाकीवरचं व्याज ‘टुडे’ या, रोज आजची तारीख देणाऱ्या सूत्रावर मोजू नका. सोमवारी छापलेलं बिल बुधवारी उघडलं तर आकडा बदललेला असतो, आणि पाठवलेलं बिल पुन्हा तसंच दाखवता येत नाही. हिशेबाची तारीख एका चौकोनात हातानं लिहा आणि सूत्रं तिच्याकडे बघू द्या. व्याजाचा स्तंभही मुद्दलापासून वेगळा हवा, नाहीतर नकळत व्याजावर व्याज चढतं. पैशांची वाटणी करताना प्रत्येक ओळीला ‘राउंड’ लावा. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून आत दोनच असतात असं नाही. १००० तिघांत वाटले तर ३३३.३३ तीनदा, बेरीज ९९९.९९. तो एक पैसा कोणाच्या नावे टाकायचा हे आधी ठरवून ठेवलं की ताळा बसतो.

आलेली रक्कम आधी जुन्या बिलाला लावायची, मग नव्या, हे शीट्समध्ये सुटसुटीत जमत नाही. जुगाड होतात, पण ते दुसऱ्याला वाचता येत नाहीत. तीनच गुण दिलेत ते यामुळे. बिलं छापून ईमेल करायला स्क्रिप्ट लिहावी लागते; लिहिणारा सोडून गेला की तीही गेली.

कीर्द-खतावणीला दीड का? कारण शीट्स नावे आणि जमा सारखे असावेत असा आग्रहच धरत नाही. मागच्या वर्षीच्या एका व्हाउचरची रक्कम आज बदलली तर ताळेबंद मुकाट्यानं बदलतो, कोणी हटकत नाही. व्हर्जन हिस्टरी आहे, कोणी काय बदललं ते दाखवते, पण जुन्या आवृत्त्या अधूनमधून एकत्र केल्या जातात. लेखापरीक्षकासाठी तो पुरावा तोकडा. ठरावीक चौकोन बदलू न देणारी प्रोटेक्टेड रेंज लावता येते, फाइलच्या मालकाला ती अडवत नाही. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, नेमका तोच मोकळा. दोन माणसं एकाच वेळी काम करत असताना एकानं नेहमीचा फिल्टर लावून क्रम बदलला की दुसऱ्याच्या पडद्यावरही क्रम बदलतो. त्यासाठी फक्त आपल्याच पडद्यापुरता लागणारा फिल्टर व्ह्यू वापरावा. मूळ हिशेबाला दुहेरी नोंदीचं आणि वर्ष बंद करता येणारं सॉफ्टवेअर घ्या, आणि त्यातली महिन्याची बाकी फक्त शीटमध्ये आणा.

जागेची चिंता नको, एका फाइलला १ कोटी चौकोनांची मर्यादा आहे आणि सोसायटीला ती कधीच लागणार नाही. चिंता मालकीची आहे. वैयक्तिक खात्यावरच्या फाइलला मालक एकच असतो. तो सेक्रेटरीच्या खासगी ईमेलवर असेल, तर सेक्रेटरी बदलल्यावर सोसायटीचा निधी कोणाच्या तरी फोटोंशेजारी पडून राहतो. डिसेंबर २०२३ पासून गूगलनं सलग २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायचं धोरणही लागू केलं आहे. सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं काढा, त्याचा रिकव्हरी फोन दर निवडणुकीनंतर बदला. शेअरिंग ‘लिंक असलेला कोणीही’ वर ठेवू नका. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर फिरायला एक फॉरवर्ड पुरतो. वर्षअखेरीला पूर्ण फाइल एक्सेल आणि पीडीएफ दोन्हीत उतरवा, पीडीएफवर खजिनदार आणि सेक्रेटरी यांच्या सह्या घ्या, आणि ती प्रत इतिवृत्ताच्या वहीसोबत कपाटात ठेवा.