दाढ ठणकतेय: विमा, दंत महाविद्यालय की कोपऱ्यावरचा दवाखाना?

गेल्या पावसाळ्यात आईची खालची दाढ ठणकायला लागली. तिची आरोग्य विम्याची पॉलिसी अकरा वर्षं अखंड चालू होती, म्हणून मी निर्धास्त होते. रूट कॅनल आणि कॅप मिळून बिल झालं 11,500 रुपये. विमा कंपनीकडून एक रुपयाही मिळाला नाही. पॉलिसीत काय काय बसत नाही त्या यादीत दातांचे उपचार स्पष्ट लिहिलेले होते, आमच्यापैकी कुणी ते पान उघडलंच नव्हतं.

आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसींमध्ये दातांचा खर्च मिळतो तो अपघातात जबडा किंवा दात दुखावले आणि रुग्णालयात भरती व्हावं लागलं तरच. किडलेली दाढ, हिरड्या, कवळी, इम्प्लांट हे सगळं खुर्चीवर बसून होतं, भरती होत नाही, म्हणून ते बाहेर राहतं. शिवाय दाढ दुखू लागल्यावरच लोक पॉलिसी घेतील ही कंपन्यांची भीती. त्यामुळे ओपीडीचं, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचं, जादा कवच घेतलं, तरी त्यात बऱ्याचदा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे सुरुवातीचा काही काळ पैसे मिळत नाहीत, आणि दातांसाठी वेगळी मर्यादा.

हे कवच घ्यायचं की नाही, याचं गणित कागदावर मांडून बघा. समजा ओपीडी कवचासाठी वर्षाला 4,000 रुपये जास्त भरायचे आहेत आणि त्यातून दातांसाठी जास्तीत जास्त 5,000 मिळणार आहेत. म्हणजे मर्यादेपर्यंत खर्च झाला तरी हातात 1,000 उरले, आणि दात धड राहिले तर 4,000 गेले. घरात डॉक्टरांच्या फिया, चष्मे, तपासण्या असा इतर ओपीडी खर्च नियमित असेल तरच ते परवडतं. नुसत्या दातांसाठी मी ते घेणार नाही. (22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यामुळे हप्ता थोडा हलका झालाय, पण त्यानं हे गणित पालटत नाही.) ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मात्र कधी कधी दातांची ओपीडी असते आणि कर्मचाऱ्यांना पत्ताच नसतो. एचआरला आजच विचारा, आणि असेल तर पॉलिसीचं वर्ष संपण्याआधी दात दाखवून घ्या.

आता दंत महाविद्यालयं, जिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली दात करतात. माझा कल इकडे आहे, आणि मी मनापासून सांगते, लोक उगाच घाबरतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. पुण्यात भारती विद्यापीठ, सिंहगड यांसारखी खासगी महाविद्यालयं आहेत. तिथले दर सरकारीपेक्षा जास्त, पण दवाखान्यापेक्षा बरेच कमी. 'शिकाऊ मुलं दात बिघडवतील' ही भीती मलाही होती. आईची दुसरी दाढ अशाच एका महाविद्यालयात केली तेव्हा पाहिलं: विद्यार्थिनी प्रत्येक टप्प्यावर थांबायची, मॅडम येऊन तपासायच्या, मगच पुढे. या मुलांना ठरावीक केसेस पूर्ण करून दाखवाव्या लागतात, त्यामुळे घाई करण्यात त्यांचा काहीच फायदा नसतो. अवघड दाढ असेल तर एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्यांच्या विभागात पाठवायची विनंती करा.

किंमत मोजावी लागते ती वेळेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर, मग तपासणी, एक्स-रे, मग विभागाची तारीख. दवाखान्यात दोन सिटिंगमध्ये होणारं काम इथे चार-पाच फेऱ्या घेतं. रोजंदारीवरच्या माणसाला पाच खाडे परवडतात का, हा खरा प्रश्न आहे. तिथे दवाखाना महाग दिसूनही स्वस्त पडू शकतो.

दवाखान्यात शहरात रूट कॅनलचे साधारण 4,000 ते 8,000, कॅपचे वेगळे. धातूची कॅप स्वस्त, झिर्कोनियाची (दातासारखी पांढरी) कितीतरी महाग. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, धातूची चालेल का हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. अंदाज लेखी घ्या आणि त्यात एक्स-रे, कॅप, सगळं धरलंय ना ते पाहा. बरेच डॉक्टर हप्त्यानं पैसे घेतात, विचारायला लाजू नका.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड असेल, तर आधी ईएसआय रुग्णालय. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. दात काढणं, सिमेंट भरणं यासाठी ते पुरेसं, कॅपसाठी सहसा नाही.

अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी दात इथेच दाखवून, काम पुरं करूनच विमानात बसावं. प्रवास विम्यात बहुतेकदा अचानक उठलेल्या कळेवरचा तात्पुरता इलाज तेवढा बसतो.

आणि गालावर सूज, सोबत ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर यातलं काहीही तोलत बसू नका. जवळ जो दंतवैद्य किंवा रुग्णालय उघडं असेल तिथे आजच जा. गिळायला किंवा श्वासाला अडथळा वाटला तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत.