पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या पलीकडे सोनं शोधायची फोर बाय फोर टूर: पैसे वसूल, पण जाहिरातीत लिहिलंय त्यासाठी नाही

आधी निकाल सांगतो, कारणं मग. पाचपैकी चार स्टार. एक स्टार टायर आणि जेवणाच्या नावाने कापलाय. आणि वेबसाइटवर मोठ्या अक्षरात 'सोनं मिळणारच' असं जे लिहिलंय ना, ते वाचून बुकिंग करणार असाल तर करू नका, कारण असं कोणीच सांगू शकत नाही, खुद्द त्यांचा गाईडच पहिल्या संध्याकाळी हसत म्हणाला की ते ऑफिसमधल्या लोकांनी लिहिलंय. पण त्या गाईडसाठी मात्र डोळे झाकून जा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, छोटा धंदा आहे, तक्रारी मी त्यांना ईमेलवर कळवल्यात.

तर प्रकार असा, तुम्ही आपलं आपण कालगुर्लीला पोचायचं, पर्थपासून साधारण ६०० किलोमीटर, गाडीने जा नाहीतर ट्रेनने, त्या ट्रेनचं नावच 'प्रॉस्पेक्टर' आहे. तिथून त्यांच्या गाडीत बसून उत्तरेला मेंझीज गाव, तिथपर्यंत मस्त डांबरी रस्ता, मग डांबर सोडायचं आणि लाल मातीत आत आत जात राहायचं, रात्री स्वॅगमध्ये म्हणजे कॅनव्हासच्या गुंडाळीच्या बिछान्यात झोपायचं आणि दिवसभर डिटेक्टर फिरवायचा. माझ्यासोबत सासरे होते, इकडे आले होते लेकीकडे, घरात बसून कंटाळले होते, म्हटलं चला बाबा.

शक्यतो गाडीनेच जा असं मी म्हणेन, त्याचं कारण म्हणजे हायवेच्या कडेने एक जाडजूड पाइप पार कालगुर्लीपर्यंत सोबत करतो. पर्थजवळच्या मंडारिंगच्या धरणातलं पाणी पाचशे किलोमीटरच्या वर ढकलत नेणारा हा पाइप १९०३ ला सुरू झाला आणि ज्या इंजिनियरने तो आखला त्या सी. वाय. ओ'कॉनरने टीकेला कंटाळून आदल्याच वर्षी जीव दिला होता. आता सोनं जवळच्याच कूलगार्डीला सापडलं १८९२ मध्ये आणि कालगुर्लीला पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन जोडीदारांना १८९३ मध्ये, म्हणजे मधली दहा वर्षं हजारो माणसं इथे खारं पाणी उकळून, वाफ थंड करून केलेलं पाणी विकत घेऊन पीत होती आणि टायफॉइडने मरत होती. हे सगळं का सांगतोय, तर इथलं सोनं शोधायची अख्खी पद्धतच पाणी नाही म्हणून वेगळी आहे, आणि ती कळली की डिटेक्टर कुठे फिरवायचा तेही कळतं. ते खाली येतंच आहे.

त्याआधी परवानगी. ही कटकट ज्याला माहीत नाही त्याला वाटतं की एवढं मोठं वाळवंट पडलंय, कोण विचारतंय. तर सगळं विचारतात. 'मायनर्स राइट' नावाचा परवाना प्रत्येकाचा स्वतःचा लागतो, राज्याच्या खाण खात्याकडून मिळतो, एकदा काढला की आयुष्यभर चालतो, तिथपर्यंत सोपं. पण तो असला म्हणून कुठेही खणता येत नाही. ज्या जमिनीवर कोणाचं चालू मायनिंग लीज आहे तिथे त्या मालकाची लेखी संमती पाहिजे, ज्यावर एक्स्प्लोरेशन लायसन्स म्हणजे नुसता खनिज शोधायचा परवाना आहे तिथे '४०-ई' म्हणून वेगळं परमिट काढावं लागतं, त्याची मुदत तीन महिने, आणि हाताच्या अवजारांनी दोन मीटर खोलपर्यंतच खणायचं, खड्डा बुजवून यायचं. वर पुन्हा ती जमीन कुठल्यातरी गुरांच्या स्टेशनची म्हणजे मोठ्या चराऊ रानाची असते, त्यांना कळवायचं, फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. आणि कालगुर्लीच्या आसपास नकाशा उघडून बघा, लीजचे चौकोन एकमेकांना इतके खेटून आहेत की मोकळी जागा शोधतानाच संध्याकाळ होईल. गाईडने हे सगळं आधी करून ठेवलं होतं, कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि गाडी थांबवली की जीपीएसवर दाखवायचा की आपली हद्द त्या वाळलेल्या ओढ्यापर्यंत, पलीकडे पाऊल टाकायचं नाही. माझ्या मते निम्मे पैसे या फोल्डरचेच आहेत.

बाकीचे निम्मे त्याच्या नजरेचे. जुन्या खाणकामाच्या जागेवर पोचलो तेव्हा मला दिसलं काय, तर मल्गाची (तिकडची बाभळीच्या जातीची) खुरटी झाडं, लाल माती आणि गुडघ्याएवढे मातीचे ढीग, एकसारखे, शेकड्यांनी. मला वाटलं वाळवीची वारुळं असतील. तो म्हणाला नाही, हे ड्रायब्लोअर लोकांचे ढीग. पाणी नाही मग माती धुणार कशी, म्हणून ते दोन परातींनी काम करायचे, एक वर धरून वाऱ्यात माती खालच्या परातीत सोडायची, धूळ उडून जाते, जड असेल ते खाली पडतं. सासरे लगेच म्हणाले, अहो ही तर उफणणी झाली! एकदम तीच. पुढे मग चाळणी आणि भाता लावलेली हलणारी लाकडी यंत्रं आली, माती वरून ओतायची, चाळणीतून बारीक माल खाली जाणार, मोठे दगड बाजूला फेकले जाणार. आणि गंमत इथे आहे. चाळणीच्या भोकापेक्षा मोठा सोन्याचा गोळा असला आणि त्याच्यावर माती चिकटलेली असली, तर तोही दगडांसोबत बाजूच्या ढिगात जायचा, कोण बघतंय त्या धुळीत. म्हणून गाईड बारीक मातीच्या ढिगांकडे ढुंकूनही बघत नाही, जाड्या दगडांचा ढीग शोधतो, तो पायाने पसरतो आणि मग त्यावर डिटेक्टर. हे मला यूट्यूबवर तास न् तास बघूनही कळलं नव्हतं, इथे पाच मिनिटांत डोक्यात बसलं.

डिटेक्टर त्यांचेच, भाड्यात धरलेले, मिनलॅब कंपनीचे पल्स इंडक्शनवाले. नवीन घ्यायला गेलं तर हजारो डॉलर जातात, त्यामुळे आधी अशा टूरवर हात बसवून बघणं शहाणपणाचं. साधे स्वस्तातले डिटेक्टर इथे कामाचे नाहीत, त्या लाल मातीत लोखंड इतकं भरलंय की ते नुसते बोंबलत राहतात. चांगला मशीनसुद्धा आधी जमिनीशी जुळवून घ्यावा लागतो, मग कॉइल म्हणजे डिटेक्टरची खालची चकती जमिनीला जवळजवळ घासत, हळूऽऽ फिरवायची. आपल्याला सवय झाडू मारायची, तो दर दहा मिनिटांनी येऊन सांगायचा, स्लो. लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट घालून येऊ नका, मोबाइल खिशात नको, दोन्हींमुळे खोटे आवाज येतात.

आणि आवाज आला म्हणजे सोनं नाही बरं का. पहिला अख्खा दिवस माझ्या नशिबी खिळे, डब्यांचे पत्रे, बंदुकीच्या गोळ्या आणि शिशाचे छर्रे. शंभर वर्षांपूर्वीची माणसं किती डबाबंद खायची याचा अंदाज आला मला. कुदळीला मागे चुंबक चिकटवलेलं असतं, ते आधी खड्ड्यातून फिरवायचं, लोखंड असेल तर चिकटून येतं. नाही चिकटलं आणि आवाज अजून आहेच, की मग खरी मजा. प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये मूठभर माती घ्यायची, कॉइलवरून फिरवायची, आवाज आला तर सोनं स्कूपमध्ये, नाहीतर अजून खड्ड्यात. मग स्कूपमधली अर्धी माती हातावर, पुन्हा कॉइल, असं अर्धं अर्धं करत शेवटी चिमूटभर लाल माती उरते आणि त्यात एखादा काळपट खडा, तो कॉइलवर टाकला की टुण्णकन आवाज. थुंकी लावून चोळायचं. बहुतेक वेळा शिसं. शिसं करडं दिसतं, नखाने ओरखडा उठतो.

सासरे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे, त्यांना दुसऱ्या दिवसापासूनच सिग्नल ओळखता यायला लागला. जावईबापू, हा आवाज जरा वेगळा आहे हो, खोलवरनं येतोय, असं म्हणून जिथे थांबले तिथे वीतभर खाली निघालं, अर्ध्या ग्रॅमच्या आतलं असेल, पण चोळल्यावर जो पिवळा दिसला तो दुसरा कशाचाच नसतो. मला पुढे दोन निघाले, दोन्ही मिळून त्यांच्या एकाएवढे नाहीत. दिवसभर हे ऐकवलं मला त्यांनी, आणि घरी फोनवर नेटवर्क आल्या आल्या लेकीला.

सुरक्षेत गाईडला पूर्ण मार्क. जुन्या खाणींचे उघडे शाफ्ट म्हणजे सरळ खाली जाणारे खोल खड्डे सगळीकडे आहेत, कुंपण नाही, पाटी नाही, कडेची माती पोकळ. डिटेक्टरवर मान घालून चालताना माणूस सरळ आत जाईल, म्हणून नियम असा की हेडफोन एका कानावरच, दर काही पावलांनी मान वर, आणि फोटो काढायला मागे मागे सरकत जायचं नाही. सॅटेलाइट फोन होता, प्रत्येकाला पीएलबी म्हणजे अडचणीत सॅटेलाइटवरून आपली जागा कळवणारं छोटं यंत्र दिलं होतं, कॅम्प सोडताना कोण कुठल्या दिशेला हे वहीत लिहायचं. जुनी बाटली, डबा, अवजार दिसलं तर बघायचं आणि तिथेच ठेवायचं.

आता कापलेला स्टार. आत जाणारे ट्रॅक म्हणजे आधी पाठ खिळखिळी करणारी पन्हाळी पत्र्यासारखी जमीन आणि मग मल्गाचे तुटके खुंट, हे खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात आणि तिथलं पंक्चर दुरुस्त होत नाही. हे तिकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी गाडीवर जास्तीचा टायर एकच, आणि तो लावून झाल्यावर आम्ही उरलेली टूर देवाचं नाव घेत काढली. एवढ्या आत जाताना दोन पाहिजेतच. दुसरं म्हणजे जेवण. सासरे शाकाहारी, फॉर्ममध्ये लिहिलं होतं, पहिल्या रात्री त्यांच्या पुढ्यात काय तर ब्रेड, बीन्सचा डबा आणि काकडी. दुसऱ्या रात्रीही तेच. बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती म्हणून निभावलं, गाईडने पण दशमी मागून घेतली, आवडली त्याला. स्वॅग चांगले होते पण जुलैत तिकडे रात्री पारा शून्याजवळ जातो, आतून घालायचे गरम कपडे आपले न्या.

परतीच्या वाटेवर ग्वालिया दाखवतात, लिओनोराजवळ. तिथल्या खाणीचा मॅनेजर १८९८ मध्ये हर्बर्ट हूव्हर होता, हो तोच, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. १९६३ मध्ये खाण बंद पडली आणि गाव काही आठवड्यांत रिकामं झालं, पत्र्याची आणि पोत्यांच्या कापडाची घरं तशीच उभी आहेत. आम्हाला तिथे जेमतेम तासभर दिला, निदान अर्धा दिवस हवा. आणि सगळ्या टूरमध्ये उंटवाल्यांबद्दल एका वाक्यापलीकडे काही नाही, म्हणजे या गोल्डफिल्ड्सला पाणी, सामान, सगळं उंटांवरून पोचवणारे ज्यांना इथे 'अफगाण' म्हणायचे त्यातले कितीतरी जण पंजाब, सिंध, बलुचिस्तानचे होते, हे मीच गाडीतल्या बाकीच्यांना सांगितलं.

कोणी जावं? ज्याला मशीन घ्यायचंय पण हजारो डॉलर घालायच्या आधी हात मारून बघायचाय त्याने नक्की. गुडघे दुखत असतील तर विचार करा, दिवसभर वाकणं आहे. लहान मुलं नकोत, शाफ्टमुळे. मे ते सप्टेंबरच जा, उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो, आणि माश्यांची जाळी टोपीवर लावायची मिळते ती कालगुर्लीतच घ्या. बुकिंगआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: ४०-ई परमिट तुमच्या तारखांना चालू आहे का, जास्तीचे टायर किती, आणि एका गाईडमागे माणसं किती, सहाच्या वर असतील तर शिकायला काही मिळणार नाही. पाऊस झाला की मातीचे रस्ते बंद करतात, बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड असतो, तेव्हा टूर रद्द होणं तुमच्याही हातात नाही आणि त्यांच्याही. आमच्यावाल्याकडे अशा वेळी तारीख बदलून मिळते, पैसे परत नाहीत, हे फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, सही करायच्या आधी तेवढं वाचून घ्या.