देवराईतली शाळा: पैसे वसूल, पण एकदाच नेऊन थांबू नका

आमच्या राजापूर भागात एक छोटा ग्रुप प्राथमिक शाळांसाठी देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, प्रोग्राम घेतो. सकाळी ८ ते दुपारी १, एका मुलामागे १२० रुपये, त्यात मोजपट्ट्या, सुतळी, कागद, मेणखडू आणि नाश्ता आला, गाडीचं आपण बघायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आलाय, दप्तर न्यायचं नाही, तर त्या दिवशी नुसती गाणी आणि खेळ घेऊन भागवण्यापेक्षा काहीतरी ठोस करावं म्हणून यांना बोलावलं. ५ पैकी ४ स्टार देतेय, एक का कापला ते पुढे सांगते.

सगळ्यात आधी मला आवडलं ते म्हणजे हे लोक गावाला विचारल्याशिवाय राईत पाऊल टाकत नाहीत. मानकऱ्यांशी आधी बोलून ठेवलेलं होतं, गुरव स्वतः आले, देवळासमोर त्यांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला विनवणी केली, "ही शाळेची पोरं इलीत, त्यांका सांभाळून घे रे म्हाराजा", आणि सगळ्या पोरांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" केलं. मराठीचा तास तिथेच सुरू झाला खरं तर, कारण नंतर पोरांना सांगितलं की आता झाडांच्या वतीने तुम्ही गाऱ्हाणं लिहा. जी पोरगी वर्गात निबंधाच्या चार ओळी पण पुऱ्या करत नाही तिने पानभर लिहिलं आणि ते पण घरच्या बोलीत, मी एक शब्द बदलला नाही.

राईतला नियम सगळ्यांना माहीत आहे, आतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, देवाचं आहे. मला आधी वाटलेलं की मग पानं-बिया गोळा करून प्रोजेक्ट कसा करायचा, पण त्याच नियमामुळे शिकणं जास्त चांगलं झालं असं माझं आता स्पष्ट मत आहे. न्यायचं नाही म्हणजे जे काय बघायचं, मोजायचं, लिहायचं ते तिथेच उभं राहून करावं लागतं. ऐनाच्या खोडावर कागद धरून मेणखडू आडवा घासला की ती मगरीच्या पाठीसारखी साल जशीच्या तशी कागदावर उमटते, शेजारी सातविणीच्या सालीचा ठसा घेतला की फरक पोरंच सांगतात, आपण बोलायची गरज पडत नाही. चित्रकला पण झाली आणि परिसर अभ्यास पण.

गणित मात्र कमाल होतं, यावर जरा जास्त लिहिते. वाटेवर गारंबीची, म्हणजे रानातल्या मोठ्या वेलीची, एक शेंग पडलेली. गारंबीची शेंग किती लांब असते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण पोरांनी ती कधी मोजलेली नव्हती. आधी अंदाज सांगायला लावला, कोणी म्हणालं दोन फूट, कोणी म्हणालं माझ्याएवढी. मग पट्टी लावली, ९९ सेंटिमीटर. कप्पे मोजले, ११. एक कप्पा केवढा, तर ९ सेंटिमीटर, हा भागाकार पाटीवर करायला आमच्याकडे दोन दिवस गेले असते, तो तिथे उकिडवं बसून मातीत काडीने झाला. लगेच एकाने सांगितलं की सगळे कप्पे सारखे नाहीयेत, कडेचे लहान आहेत, मग ९ कसे? तिथे ग्रुपच्या ताईंनी सरासरी समजावली. चौथीत सरासरी हा शब्द नाही आला तरी चालतो पण त्या पोराला ती कळली. झाडाची उंची काढायला हाताएवढी काठी घेतात, हात सरळ करून ती उभी धरायची आणि झाड काठीएवढं दिसेपर्यंत मागे मागे जायचं, मग तुम्ही जिथे उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे अंदाजे उंची. राईत मागे जायला जागा कमी पडते म्हणून ते कडेच्या झाडावर घेतलं.

विज्ञानात थर्मामीटर होता. बाहेर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, ३४ अंश, राईत २८. पालापाचोळा बाजूला करून खालची माती हातात घेतली तर ओलसर, मग इथलं पाणी कुठे जातं हे विचारत विचारत पोरं व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, आली. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर, हे त्यांनी घरी बघितलेलं आहे, त्यामुळे राईतला पाचोळा पाणी धरतो ही गोष्ट त्यांना पटवावी लागली नाही. ककणेर, म्हणजे धनेश, लांबून दिसला. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, हे ऐकल्यावर अर्धा तास दुसरा विषयच नाही.

आता कमी काय ते. एकच ताई आणि ४० मुलं, मागच्यांना काही ऐकू येत नाही, २० च्या वर एका माणसाकडे देऊच नयेत. वर्कशीट फार पुस्तकी आणि फार जास्त, आम्ही शेवटची दोन सोडून दिली. मुलींसाठी टॉयलेटची सोय नाही हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, जवळच्या घरातल्या काकींनी दार उघडलं म्हणून निभावलं. आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात आहे हे मी विचारलं तेव्हा तिथे उभं राहून फोन लावावे लागले. आपल्याकडे जांभ्याच्या सड्यावर फुरसं कॉमन आहे, हे उत्तर तोंडपाठच पाहिजे. तेवढ्यासाठी एक स्टार गेला. बाकी पूर्ण बूट, फुल पँट, खाजकुयली ओळखायला शिकवणं, प्रथमोपचाराची पेटी, हे त्यांनी नीट केलेलं. आमच्या राईत चपला-बूट फक्त देवळापाशी काढतात, पुढे राईत बूट चालतात, तुमच्या गावची रीत आधी विचारून घ्या. दोडामार्ग, सावंतवाडी बाजूच्या शिक्षकांनी माकडतापाचं पण बघा, २०१६ पासून तिकडे पेशंट सापडतायत, तो गोचिडीतून पसरतो आणि थंडी ते उन्हाळा हाच त्याचा सीझन, तर आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय नेऊ नका.

पहिली-दुसरीला हा प्रोग्राम लांब पडतो, त्यांना दोन तास पुरेत.

आणि बुक करताना एक दिवस करू नका. त्याच राईत, त्याच झाडापाशी ऑक्टोबरात एकदा आणि फेब्रुवारी-मार्चला एकदा न्या. आमच्या पोरांनी दुसऱ्या वेळी स्वतःच जुनी मापं काढून पडताळली आणि खालची पानगळ किती वाढली ते सुतळीचा चौकोन टाकून मोजलं. दोन फेऱ्यांचे ते माणशी २०० घेतात. ज्यांच्या घरून देणं जमत नाही त्यांचे शाळा व्यवस्थापन समितीने भरले, आधी मीटिंगमध्ये विषय ठेवला तर होतं.