मंगलदासचं मांजरपाट आणि डब्यातले खण

आधी निकाल: कापडाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण आटण्यापायी कापला.

कापड म्हणजे साधं मांजरपाट, जाडंभरडं बिनरंगाचं सुती. उशांच्या खोळी आणि शिवणक्लासातले कच्चे ब्लाऊज यापलीकडे त्याला फारसं कुणी विचारत नाही. मी त्याचा सरळ कापाचा, कळ्या घातलेला कुर्ता शिवला आणि आता कपाटातले बाकीचे कुर्ते नुसते टांगलेले असतात.

घेतलं मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूलाच आहे. तोंडाशी रेयॉन, जॉर्जेट आणि ‘दीदी, देखो तो सही’चा मारा असतो, तो चुकवून आत शिरायचं. मला आतल्या गल्लीत ७० रुपये मीटरने मिळालं, पन्हा (म्हणजे रुंदी) ४४ इंच. पन्हा विचारल्याशिवाय भाव करू नका. ३६ इंचाचं कापड स्वस्त वाटतं आणि बाह्या बसवायला गेलं की जास्तीचा पाऊण मीटर मागतं. कापड मुठीत चोळून पाहा. पांढरी भुकटी पडली तर खळ भरपूर आहे, धुतल्यावर ते विरविरीत होणार. माझ्या कापडात सरकीच्या टरफलाचे काळपट ठिपके आहेत. मला ते आवडतात, ज्याला पांढरंशुभ्र हवं त्याने केंब्रिक, म्हणजे तलम गुळगुळीत सुती कापड घ्यावं. दुकानदाराने कापड न ताणता मोजलं, हेही लिहायला हवं, कारण आमच्या स्टेशनजवळच्या एका दुकानात (नाव नको) मीटर नेहमी रबराचा असतो.

रात्रभर पाण्यात भिजवल्यावर मीटरमागे चांगलं दोन बोटं आटलं. त्यामुळे पाव मीटर जास्तच घ्या आणि न भिजवता कात्री लावू नका.

आता खण. ओटीत येणारे खण आपण पुढच्या बाईच्या ओटीत सरकवत असतो, आणि हल्ली त्यातले बरेचसे पॉलिस्टरचे ब्लाऊजपीसच असतात. धागा जाळून बघा, गोळी झाली की समजायचं. माझ्याकडे मात्र सासूबाईंच्या चोळ्यांतून उरलेले कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचे खरे तुकडे होते, बिस्किटांच्या डब्यात वर्षानुवर्षं पडलेले. एक डाळिंबी, एक मोरपंखी. खणाचा पन्हा मुळातच लहान आणि चोळीतून उरतं ते तिरकं-तिरपं, म्हणून योकला (छातीच्या वरच्या, खांद्यालगतच्या भागाला) डाळिंबी तुकडे जोडून घेतले. जोड मधोमध आणला, त्यावर काठाची पट्टी चढवली. आता बघणाऱ्याला ती मुद्दाम केलेली नक्षी वाटते. मोरपंखीत एक खिसा आणि बाह्यांच्या पट्ट्या निघाल्या. काखेत मांजरपाटाचेच चौकोनी तुकडे घातले, त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर चढत नाही.

खण कापल्या कापल्या दशा सुटायला लागतात. कडेला पाऊण इंच सोडा, मागे मांजरपाटाच्या कपट्याचं अस्तर द्या आणि आधी धावदोरा घालून मगच मशिनवर घ्या. डाळिंबी रंगावर भरवसा ठेवू नका. ओला पांढरा रुमाल घासून पाहिला तर गुलाबी झाला, म्हणून रुमालाला रंग लागेनासा होईपर्यंत तुकडे मिठाच्या पाण्यातून काढत राहिले. हा रंग मांजरपाटावर उतरला असता तर कुर्त्याचं पायपुसणंच झालं असतं.

कापड, दोरा, लाकडी बटणं धरून अडीचशेच्या आत काम झालं. खणाचा तयार कुर्ता घ्यायला गेलात तर तेवढ्यात बाहीसुद्धा येणार नाही. नवा असताना मांजरपाट अंगाला खरखरीत लागतं आणि इस्त्रीशिवाय चुरगळलेलंच दिसतं, हे खरं. धुण्यागणिक मऊ मात्र होत जातं.

मार्केट रविवारी बंद असतं. दुपारी जेवणं उरकल्यावर जा, दुकानदार थान उलगडून दाखवायला कुरकुरत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर कापड बघणं सोडाच, पाय ठेवायला जागा मिळत नाही.